सेवाभावी संस्थेत पगारी संचालक नेमावा का? (आमच्या कार्यकारिणीत जुंपली आहे)

कृष्णाकाठ (धागाकर्ता), रविवार, रात्री १०:४०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

सांगलीत आमची एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे. नाव देत नाही, ओळखणारे ओळखतील. काम एकच. घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना लागणारं साहित्य वापरायला द्यायचं. फाऊलर बेड, एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, आणि कोविडच्या वेळी मिळालेले ११ ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. अनामत घ्यायची, महिन्याला नाममात्र देखभाल शुल्क, वस्तू परत आली की अनामत परत. मिरजेत हॉस्पिटलं खंडीभर, त्यामुळे जत-आटपाडीपासून पार अथणीपर्यंतची माणसं येतात. २००३ पासून आजतागायत एकही पगारी माणूस नाही. कार्यकारिणीवर आम्ही नऊ जण, त्यातले सात निवृत्त. सरासरी वय सत्तरीला टेकलंय.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. मिरजेहून एका आजींना डिस्चार्ज मिळाला. रुग्णवाहिका त्यांच्या दारात उभी आणि मुलगा टेम्पो घेऊन आमच्या गोदामात. बेड होता, पण डोक्याकडची बाजू वर-खाली करायचा हँडल नव्हता. तो वेल्डिंग करून आणलेला, आणि आणणाऱ्या विश्वस्तांच्या स्कूटरच्या डिकीत. विश्वस्त नातवाच्या मुंजीला पुण्यात, स्कूटरची किल्ली त्यांच्या खिशात. आजींनी ती रात्र गादीखाली दोन पाट सरकवून काढली. मुलगा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यावर आमच्यातल्या 'तरुण' सभासदाने (वय ५२) ठराव मांडला की पूर्णवेळ कार्यकारी संचालक नेमू, महिना ४०,००० देऊ. झालं, तीन तट पडले. एक म्हणतो, संस्थेचा आत्माच जाईल. दुसरा म्हणतो, नेमा, पण संचालक कशाला, एखादा पोऱ्या ठेवा. तिसऱ्या तटात मी, आणि मला स्वतःला काय वाटतं तेच नीट कळत नाही.

आकडे असे. देणग्या साधारण ७ लाख, देखभाल शुल्क अडीच लाख, ३८ लाखांच्या ठेवींचं व्याज २ लाख ६५ हजार. खर्च ८ लाखांच्या आसपास. म्हणजे पगार धरला की पहिल्याच वर्षी ६५ हजारांच्या आसपास तूट.

अनुभव असलेल्यांनी लिहा. तत्त्वज्ञान आमच्याकडे भरपूर आहे.

घाटावरचा, रविवार, रात्री ११:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी अशाच एका संस्थेला दरवर्षी पाच हजार देतो, आणि देतो ते एवढ्यासाठीच की तिथे कोणी एक पैसा घेत नाही. उद्या कळलं की माझ्या पाच हजारांतून कुणाचा तरी पगार निघतोय, तर हात आखडता घेईन. मी एकटाच असा असेन असं वाटत नाही. पगार आला की नोकरी आली आणि नोकरी आली की पाचला शटर.

चकलीसोऱ्या, रविवार, रात्री ११:३२

घाटावरचा, पाचला शटर पडलं म्हणजे निदान पाचपर्यंत उघडं होतं म्हणायचं. यांचं तर मुंजीमुळे बंद होतं :))

ताळेबंद, सोमवार, सकाळी ९:०५

सीए आहे, आठ-दहा न्यासांचं ऑडिट करतो. नेमायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ठरावाच्या वेळी ज्या गैरसमजांवरून भांडणं होतात तेवढे आधी मोडून घ्या.

पगार दिला म्हणून करसवलत जात नाही. न्यासाला उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी खर्च करावी लागते, आणि साहित्य देण्याघेण्याचं काम पाहणाऱ्या माणसाचा पगार हा उद्दिष्टासाठीचाच खर्च. गोत्यात यायला होतं ते वेगळ्या कारणाने. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला नेमलं आणि पगार वाजवी आहे हे दाखवता आलं नाही, तर मात्र सवलतीवर गदा येते. त्यामुळे 'आपल्या जोशींची सून घरीच असते' हा प्रस्ताव आला (येतोच) तर दहा वेळा विचार करा.

दुसरं, 'पगार नको, मानधन म्हणू' ही आपली लाडकी पळवाट. माणूस रोज दहा ते सहा तुमच्या खुर्चीवर बसतो, तुमच्या सांगण्यावरून काम करतो, रजा तुमच्याकडे मागतो, तर तो नोकर आणि त्याला देता तो पगार. व्हाउचरवर शब्द कुठलाही लिहा. व्यवसाय कराची नोंदणी करून त्याचे वर्षाचे २,५०० कापून भरायचे. भविष्यनिर्वाह निधी २० माणसांपासून लागतो, तो एकट्यासाठी नाही.

तिसरं, तुमच्यापैकीच कुणी विश्वस्तपद सोडून पगारी होणार असेल तर तो बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवावा लागतो. माझ्याकडच्या निम्म्या संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून आहेत. एका संस्थेच्या परिशिष्टावर तर अजून दिवंगत अध्यक्षांचंच नाव आहे आणि बँक त्यांची सही मागते.

चौथं, 'सीएसआरमध्ये (कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या निधीत) पाच टक्क्यांच्या वर पगाराला देत नाहीत' हे कायम ऐकू येतं. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीला स्वतःचा सीएसआर विभाग चालवायला जो प्रशासकीय खर्च येतो त्यावर आहे. प्रत्यक्ष प्रकल्प राबवणाऱ्या माणसाचा पगार त्यात धरत नाहीत. वीस टक्क्यांची मर्यादा वेगळी, ती परदेशी देणग्यांतून करायच्या प्रशासकीय खर्चाची. आधी ५० टक्के होती, २०२० च्या दुरुस्तीत २० झाली. तुम्हाला परदेशी देणग्या नसतील तर ते विसरा.

कृष्णाकाठ, सोमवार, सकाळी ९:४०

ताळेबंद साहेब, धन्यवाद. 'जोशींची सून' अक्षरशः आलीय. आडनाव फक्त वेगळं.

एकेकाळचा सीईओ, सोमवार, दुपारी १:२०

नाव बघून हसू नका. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका स्वयंसेवी न्यासात दोन वर्षं चार महिने मी 'मुख्य कार्यकारी अधिकारी' होतो. कार्डावर तसं छापलं होतं.

अधिकार किती होता ते सांगतो. ५०० रुपयांच्या वरच्या व्हाउचरला दोन विश्वस्तांच्या सह्या लागत. प्रिंटरची शाई संपली. शाई ८५० ची. खजिनदार गावाला, सहखजिनदार म्हणाले, 'त्यांना विचारल्याशिवाय मी कसा सही करू.' नऊ दिवस आम्ही पावत्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणल्या, दोन रुपये पान. शाई आली तोवर तिच्या निम्मे पैसे झेरॉक्सवाल्याकडे गेले होते.

सकाळी सातला अध्यक्षांचा फोन: आज अमुक करा. अकराला कार्यवाहांचा: ते राहू दे, तमुक करा. संध्याकाळी संस्थापक स्वतः यायचे, काहीच सांगायचे नाहीत, फक्त दिवसाचं रजिस्टर उघडून चष्मा कपाळावर चढवून वाचत बसायचे. ते मला सगळ्यात जड जायचं.

आणि ज्याची मला कल्पनाच नव्हती ते म्हणजे स्वयंसेवक गळायला लागले. कोणी भांडून गेलं नाही. आधी कार्यक्रम संपला की सगळे मिळून खुर्च्या उचलायचे. मी आल्यावर दोन-तीन महिन्यांत लोक हात झटकून निघायला लागले. 'सर आहेत ना.' त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसंच केलं असतं. माझ्या शेजारी उभा माणूस खुर्ची उचलायचे पैसे घेतो म्हटल्यावर मी फुकट का उचलू?

तेव्हा कृष्णाकाठ, पगार कुठून काढायचा हा प्रश्न तुम्ही आधी घेतलाय, तो नंतरचा. तुम्ही नऊ जण काय काय करायचं बंद करणार आहात, ते आधी कागदावर आणा. नवा माणूस काय करेल ते लिहायला सोपं असतं, सगळ्या जाहिरातींत असतंच. गोदामाची किल्ली कोण सोडणार, पाच हजारांपर्यंतचा चेक कोणाच्या एकट्याच्या सहीने जाणार, त्या माणसाला सूचना देणारा एकच कोण, आणि उरलेल्या आठ जणांना काही सांगायचं असेल तर ते कुणाला सांगायचं. एवढं इतिवृत्तात आलं नाही तर ४०,००० देऊन तुम्ही नऊ मालकांचा एक गडी ठेवताय. संचालक वगैरे काही नाही.

मावशीबोली, सोमवार, दुपारी २:०२

+१०००. 'चष्मा कपाळावर' वाचून आमचे संस्थापक डोळ्यांसमोर आले. आमचे पेनही मागून घ्यायचे.

जुनी पानं, सोमवार, रात्री ९:३०

'पगार आला की नोकरी आली' हे वाचून राहवलं नाही. आपल्याकडे हा वाद आजचा नाही आणि त्याची बाजूही अशी सरळ नव्हती.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचे आजीव सभासद फुकट शिकवत नव्हते. जेमतेम का होईना, वेतन घेत. भांडण कशावरून झालं? पगार घ्यावा का यावरून नाही. सोसायटीचं वेतन घेणाऱ्याने बाहेर आणखी कमाई करावी का, आपली शक्ती दुसऱ्या कामांत वाटावी का, यावरून. त्याच वादात १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. पुढे १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा तर हे शपथेतच घातलं: माझ्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी समाज जे देईल त्यात समाधान मानीन, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढला तोही हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणाच्या कामासाठी आयुष्य वाहिलेली माणसं मिळावीत म्हणूनच. ही सगळी पूर्णवेळ माणसं. फावल्या वेळात संस्था चालवणं हे पेन्शनीच्या काळातलं खूळ आहे, परंपरा म्हणून त्याला मिरवू नये.

चकलीसोऱ्या, सोमवार, रात्री ९:४१

टिळक आले. आता धागा शंभरी गाठणार.

घाटावरचा, सोमवार, रात्री १०:१०

जुनी पानं, पण ते ७५ रुपयांवर राहणारे गोखले होते हो. तसा माणूस ४० हजारांत मिळवून दाखवा, मी पाचाचे दहा करतो.

उंबरठा, मंगळवार, दुपारी ३:१५

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते.

माझे मिस्टर एकवीस वर्षं अशाच एका संस्थेचे कार्यवाह होते. संस्थेत 'एकही पगारी माणूस नाही' हे वाक्य दर अहवालाच्या पहिल्या पानावर असायचं. संस्थेचा फोन आमच्या घरातला. निरोप मी लिहून घ्यायचे. रात्री अडीचला कुणी रडत फोन केला तर आधी मी उठायचे, कारण यांना झोपेची गोळी असायची. आलेल्यांना चहा, देणगीदारांच्या दिवाळीच्या पाकिटांवर पत्ते, वार्षिक सभेचे लाडू. कुठल्या वर्षी किती लाडू ते अजून पाठ आहे. एकवीस वर्षांत अहवालाच्या आभारांत एकदा नाव आलं, तेही 'सौ. कार्यवाह' असं.

फुकट काही नव्हतं. यांना बँकेची पेन्शन होती, घर स्वतःचं होतं, आणि मी होते. ज्याला यातलं काही नाही तो तुमच्यात स्वयंसेवक म्हणून येऊच शकत नाही, मग कार्यकारिणीवर सगळे सत्तरीचे आणि एकाच पेठेतले का, असं तुम्हीच विचारता.

घाटावरचा भाऊ, तुमचे पाच हजार मोलाचे आहेत. पण त्या रात्री अडीचच्या फोनचे पैसे तुम्ही दिले नव्हते, मी दिले होते.

घाटावरचा, मंगळवार, दुपारी ४:५०

ताई, यावर मला बोलायला तोंड नाही.

जर्सीत रमलेला, मंगळवार, रात्री ११:५५

इकडची, म्हणजे अमेरिकेतली, बाजू सांगतो. आमच्या महाराष्ट्र मंडळात दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलते, सगळे नोकरी सांभाळून मंडळ चालवणारे. गणपतीच्या हॉलच्या बुकिंगपासून वेबसाइटच्या पासवर्डपर्यंत सगळं दर दोन वर्षांनी नव्याने शिकायचं. मागची कमिटी रुसलेली असेल तर पासवर्डही मिळत नाही (खरं आहे). तेव्हा मंडळासाठीसुद्धा अर्धवेळ पगारी माणसाचा विषय निघाला. तो हाणून पाडण्यात मी पुढे होतो, आज तसं करणार नाही.

इथे एक सोय आहे. उत्पन्न ५०,००० डॉलरच्या वर गेलं की संस्थांना दरवर्षी करखात्याचा फॉर्म ९९० (किंवा त्याचा छोटा प्रकार) भरावा लागतो. त्यात पदाधिकाऱ्यांना आणि संचालकाला किती पैसे दिले ते लिहावं लागतं आणि तो फॉर्म कुणीही मागून वाचू शकतो. त्यामुळे कुजबुज कमी होते. आकडा समोर असतो, पटला नाही तर देणगी देऊ नका. घाटावरचा यांच्यासारख्या देणगीदाराला पगार लपवून राखता येत नाही. अहवालाच्या पहिल्याच पानावर छापा: एक माणूस, इतका पगार, त्याने या वर्षी इतक्या घरी बेड पोचवले.

बिटवाला, बुधवार, सकाळी ८:१०

सगळ्याला ॲप हे उत्तर आहे. प्रत्येक बेडला क्यूआर कोड लावा, कुठला बेड कुठे ते दिसेल. माणूस लागणारच नाही.

कृष्णाकाठ, बुधवार, सकाळी ८:३५

बिटवाला, क्यूआर कोड लावले होते. २०१९ च्या पुरात आणि त्यानंतर फिनेलच्या पोछ्यात गेले. आणि बेड कुठे आहे हे आम्हाला माहीतच होतं हो. हँडल डिकीत होता.

कृष्णाकाठ, पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:२०

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून लिहितो.

विशेष सर्वसाधारण सभा झाली. एकेकाळचा सीईओ यांनी सांगितलेला कागद मी खरोखर केला. वर शीर्षक 'आपण काय सोडणार' आणि खाली नऊ नावं, प्रत्येकापुढे रिकामी ओळ. तो कागद फिरवायला चाळीस मिनिटं लागली. पगारावर दहा मिनिटंही चर्चा झाली नाही. दोघांनी ओळ रिकामी ठेवून कागद पुढे सरकवला. एकांनी लिहिलं, 'मार्गदर्शन सोडणार नाही.' खजिनदारांनी मात्र सगळ्यांना चकित केलं. पाच हजारांपर्यंतची एकट्याची सही द्यायला ते तयार झाले, वर म्हणाले, 'मला दर मंगळवारी बँकेत उभं राहून कंटाळा आलाय, कोणी विचारलंच नाही.'

उंबरठा ताईंचा प्रतिसाद मी सभेत वाचून दाखवला, नाव न घेता. मागे बसलेल्या तिघी-चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुढच्या रांगेत शांतता.

ठराव असा झाला. 'संचालक' हा शब्द गळला, त्याला पाच जणांचा विरोध होता आणि मलाही आता तो आपल्या मापाचा वाटत नाही. 'व्यवस्थापक' नेमायचा, २६,००० रुपये, सहा महिने बघायचं. वर्षाला ३ लाख १२ हजार, म्हणजे ठेवींना हात लागत नाही. विश्वस्तांचे नातेवाईक बाद. सूचना फक्त कार्यवाहांनी द्यायच्या, म्हणजे मी, आणि हे लिहून घेतलंय. ताळेबंद साहेब, नेमणूक पत्रात 'मानधन' शब्द नाही, 'वेतन' आहे. तुमची आठवण काढून खोडला.

एकोणीस अर्ज आले. मिरजेच्या एका हॉस्पिटलात वॉर्डात काम केलेली मुलगी घेतली. मुलाखतीत तिला कॉन्सन्ट्रेटर दाखवला तर तिने आमच्या प्रश्नाआधी मागचा फिल्टर काढून हातात घेतला. काळा कुळकुळीत. 'हा शेवटचा कधी धुतला?' आम्ही पाच जण एकमेकांची तोंडं बघत बसलो. अकराही मशीनचे तसेच निघाले. तिने पहिल्या आठवड्यात ते धुऊन दोरीवर वाळत घातले. आणखी एक केलं, प्रत्येक बेडचा हँडल सुतळीने बेडलाच बांधून टाकला. बावीस वर्षांत हे कुणाला सुचलं नाही.

खुर्च्यांचं मात्र व्हायचं ते झालंच. गेल्या रविवारी देणगीदारांचा छोटा मेळावा होता. तो संपल्यावर दोन सभासद 'चला, मॅडम आहेत' म्हणून निघाले. मी खुर्च्या उचलायला लागलो, आमचे ५२ वर्षांचे 'तरुण' आले, खजिनदार आले. बाकीचे चपला शोधत होते.

संस्थेचा मोबाइल अजून राहिलाय. सिम संस्थापक काकांच्या नावावर, हँडसेट त्यांच्या उशाशी. फोन आला की ते उचलतात, निरोप लिहून घेतात आणि मग मॅडमना फोन करून सांगतात. मी म्हटलं, काका, आधार कार्ड घेऊन दुकानात चला, संस्थेच्या नावावर करून घेऊ, दहा मिनिटांचं काम आहे. म्हणाले, पुढच्या गुरुवारी जाऊ.

उंबरठा, रविवार, रात्री ९:४८

काकू काय म्हणतात?

कृष्णाकाठ, रविवार, रात्री ९:५५

काकूंनी आधार कार्ड काढून ठेवलंय.